फिरकी कुणी धरायची

लेक कॅनडात. तिचे दिवस भरत आलेले आणि फोनवर रोज एकच धोशा, "आई, तुला एकटीलाच फ्लाय करावं लागेल. बाबांना डॉक्टर एवढ्या लांब सोडणार नाहीत." व्हिसा आला होता. तिकीट तेवढं काढायचं राहिलं होतं आणि माझ्या तोंडून हो निघत नव्हतं.

त्यात त्या फ्लायने डोकं उठवलं. मी बडोद्याच्या मराठी शाळेत शिकलेली. आमच्या पुस्तकात फ्लाय म्हणजे माशी, वर चित्रसुद्धा होतं. अलकापुरीत ह्यांना पँट घ्यायला गेलो, तर दुकानदार पुढची चेन दाखवत म्हणतो, "फ्लाय मजबूत छे, काका." मैत्रिणीचा सकाळचा मेसेज काय, तर टाइम फ्लाइज. मी ह्यांना विचारलं, "अहो, ह्यातलं मी नेमकं काय करायचं?" ह्यांची सगळी नोकरी बाजव्याला रिफायनरीत, यंत्रांच्या आवाजात झालेली, समजावतात तेसुद्धा ओरडून. "अगं, उडायचं! विमानात बसायचं, झालं!"

झालं म्हणे! गेले तर ह्यांच्या गोळ्या कोण देणार? हे तर प्रेशरची आणि साखरेची गोळी एकाच डबीत टाकून मोकळे होतात. न गेले तर पोरीच्या उशाशी कोण बसणार? सकाळी बॅग काढायची, दुपारी परत माळ्यावर टाकायची. हे सारखे म्हणायचे, "जा गं, मी काय कुकुलं बाळ आहे?" पण तिकिटाचा विषय निघाला की ह्यांचं नेट बंद पडायचं. मला काही म्हणता काही कळेना.

अशात उत्तरायण आलं. देवापुढे तिळगूळ ठेवला की आम्ही सुभानपुऱ्यातले सगळेच अगाशीवर. गच्चीला आम्ही अगाशीच म्हणतो. ह्यांनी पतंग चगवायचा, म्हणजे उडवायचा, आणि मी मागे मांज्याची फिरकी धरायची, ही आमची लग्नापासूनची वाटणी. यंदा ह्यांनी पतंग वर चढवला आणि दोरी माझ्या हातात दिली. "विमानात एकटी बसणार आहेस ना? मग घाबरतेस काय! धर." फिरकी स्वतः घेतली.

पतंग छान वर गेला. एवढ्यात शेजारच्या अगाशीवरून पेच लागला. मी ओरडले, "ढील द्या! अहो, ढील!" दोरी हलेना. मागे वळून बघते तर ह्यांनी फिरकी दोन्ही मुठींत गच्च आवळून धरलेली, बोटं पांढरी पडलेली. तिकडून आरोळी आली, "काप्यो छे!" आणि माझा पतंग गेला.

"काय हो हे! सोडायची नाही का?" मी भडकले.

हे फिरकीकडेच बघत होते. "मला येत नाही सोडता," म्हणाले. "धरायची वेळच कधी आली नाही माझ्यावर. तू होतीस ना."

माझा राग कुठल्या कुठे गेला. रडू येत होतं आणि हसूही. मी त्यांच्या मुठी सोडवायला लागले. एकेक बोट सैल केलं. "आवळायची नाही. दांडे नुसते हातात टेकू द्यायचे. ती आपली आपण फिरते." त्यांनी मान डोलावली, शाळेतल्या मुलासारखी.

दुसरा पतंग त्यांनीच चढवून दिला. दोरी माझ्या हातात आली आणि मी मागे न बघता म्हटलं, "आज संध्याकाळी तिकीट काढा."

"काढतो," हे म्हणाले. ह्या वेळी ओरडले नाहीत.

मी दोरीला झोल दिला. मागे फिरकी सरसर फिरायला लागली, अगदी शिकवली तशी. आणि मला वाटलं, थोडी अडायला काय झालं होतं हिला?