जनरलसाहेबांचे अकरा गठ्ठे

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. मिसेस वेनना ओळखणारं आता इथे फारसं कोणी उरलं नाही, म्हणून आज धीर होतोय. हाही भित्रेपणाच, नाही का?

दोन हजारच्या दशकात मी इंग्लंडात, नॉटिंगहॅमच्या एका अर्काइव्हमध्ये — जुन्या कागदपत्रांच्या संग्रहालयात — कॉन्ट्रॅक्टवर होतो. एका चिनी जनरलचे खाजगी कागद आमच्याकडे आले. ते देणाऱ्या मिसेस वेन त्यांच्या कन्या. वय ऐंशीच्या घरात. दर बुधवारी बसने यायच्या, डब्यात माझ्यासाठी डंपलिंग्ज घेऊन. माझ्या टेबलावरची बुद्धमूर्ती पाहून म्हणाल्या, "तुमचे बुद्ध फार वाळलेत, मिस्टर कांबळे. आमच्याकडे पाठवा, महिन्यात पोट सुटेल." चिनी तारखा वाचायला मला त्यांनीच शिकवलं. या देशात इतक्या मायेने मला कोणी काही शिकवलं नव्हतं.

डायऱ्या झाल्या, नकाशे झाले. राहिली एक ट्रंक. त्यात सैनिकांच्या पत्रांचे अकरा गठ्ठे होते, फितीने बांधलेले. आमच्या कामाचा पहिला नियम — गठ्ठा सोडण्याआधी त्यात काय आहे आणि कोणत्या क्रमाने, ते लिहून ठेवायचं. मला माहीत नव्हता का? इंटरव्ह्यूत घडाघडा सांगितला होता. पण कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं, काम दिसायला हवं होतं. एका शुक्रवारी मी एकट्याने अकराही गठ्ठे सोडले, पत्रं तारखेप्रमाणे लावली, फिती कचऱ्यात टाकल्या. टेबल फार नीटनेटकं दिसत होतं.

बुधवारी मिसेस वेनना ट्रंकेच्या तळाशी, अस्तराखाली, वडिलांच्या हातची चिठ्ठी सापडली. त्यांनी मला ती वाचून दाखवली — "एकत्र मेलेली माणसं एकत्र ठेवली आहेत. गठ्ठे सोडू नयेत." मग विचारलं, "गठ्ठे कुठे आहेत?"

मी म्हणालो — किती सहज म्हणालो — "पत्रं आली तेव्हा मोकळीच होती."

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. "घरी पाइप फुटला होता. ट्रंक भिजली, मी सगळं वाळत घातलं. तेव्हा माझ्याच हातून झालं असणार. आता आठवत नाही हो मला." आणि त्यांनी माफी मागितली. माझी.

पुढे चार वर्षं त्या येत राहिल्या. भिंग लावून नावं, गावं, तुकड्या जुळवत बसायच्या, मी शेजारी. पाच गठ्ठे जुळले. सहा नाहीत. तैवानमधल्या भावाला त्यांनी आपली चूक पत्राने कळवली. त्याचं उत्तर आलं नाही. किती बुधवार होते माझ्याकडे — एकही पुरला नाही?

त्यातल्या पहिल्याच वर्षी, कॉन्ट्रॅक्ट संपताना, मला कायम करावं म्हणून त्यांनीच वरिष्ठांना लिहिलं: या माणसाने माझी चूक निस्तरायला मदत केली. माझी नोकरी, माझं घर, मुलीची युनिव्हर्सिटी — सगळं त्या पत्रावर उभं आहे. त्यांचे उपकार मी रोज आठवतो. त्या गेल्या, तेव्हा फ्युनरललाही त्यांच्या मुलाने माझेच आभार मानले.

अजून एक राहिलं. मी सोडल्या त्या फिती नव्या होत्या — पांढऱ्या, कोऱ्या. म्हणजे पत्रं वाळवल्यावर मिसेस वेननी प्रत्येक गठ्ठा होता तसाच पुन्हा बांधला होता. फिती नव्या आहेत, हे मला त्या शुक्रवारीच दिसलं होतं.