माहेर विमानाने गेलं

आमच्या अकोल्याच्या मामांइतका घरकोंबडा माणूस वऱ्हाडात त्यांच्याआधी झाला नाही आणि पुढेही व्हायचा नाही. माझ्या आईचा हा धाकटा भाऊ जठारपेठेत भिक्षुकी करी. लग्न असो, मुंज असो, संध्याकाळी आपल्या ओसरीवर परतता येणार असेल तरच मामा आमंत्रण घेत. आमच्याकडे अमरावतीला येणं हे त्यांच्या लेखी देशांतरच होतं. येताना फिरकीच्या तांब्यात स्वतःच्या विहिरीचं पाणी भरून आणत, आणि ते पाणी संपलं की मुक्काम संपला. आई चिडून म्हणायची, "अरे, अमरावतीचं पाणी काय विष हाय का?" त्यावर मामा शांतपणे सांगत, "विष नाही ताई, पण ते मले ओळखत नाही ना!" एकदा कौंडण्यपूरच्या जत्रेला म्हणून निघाले ते बडनेऱ्याहूनच परत फिरले, कारण मागच्या दाराची कडी लावल्याचं त्यांना आठवेना. घरी येऊन पाहतात तर कडी नीट लावलेली होती, पुढचं दार मात्र सताड उघडं होतं.

असा हा माणूस विमानाने आफ्रिकेला गेला. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि आमच्याकडे विमान म्हणजे आभाळात घरघर झाली की भरल्या ताटावरून उठून पाहायची वस्तू होती. या सगळ्याला कारण झाली सुमन, मामांची एकुलती एक लेक. तिची आई ती लहान असतानाच गेली. मामांनीच तिला वाढवलं, तिच्या वेण्या घातल्या आणि मंत्र पुटपुटत घातल्यामुळे त्या कायम वाकड्या घातल्या. जावई आफ्रिकेत किसुमू नावाच्या गावी रेल्वेत नोकरीला. सुमनला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा मामांच्या दृष्टीने सूर्य पूर्वेला उगवण्याइतका पक्का नियम. पण तिथल्या डॉक्टरने तिला प्रवासाची सक्त मनाई केली. मग एका सकाळी मामा पूजेवरून उठले आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लेक माहेरी येऊ शकत नाही, तं माहेर तिच्याकडे जाईल! माहेर म्हणजे कोन? मीच तं!"

बोटीने जाईपर्यंत बारसं उरकलं असतं, म्हणून विमान. इतर भिक्षुकांनी समुद्र ओलांडण्याचा दोष काढला, तेव्हा मामांनी त्यांना एका वाक्यात गार केलं. "समुद्राले माझा पाय कुठं लागून राहिला? मी तं वरून जातो!" आईने डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा आणि बाळंतविडा बांधून दिला. तांब्यात विहिरीचं पाणी भरून मामांनी त्याची फिरकी अशी आवळली, की ती पुन्हा कोणाला उघडता येईल याचीच आम्हाला शंका होती. मग आगगाडीने कराची गाठली. तिथे पाहतात तर विमान होडीसारखं थेट समुद्रातच तरंगत होतं. मामांनी दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि हमालाच्या खांद्यावर बसून विमानात प्रवेश केला. दोष लागू दिला नाही.

विमानातल्या त्यांच्या लीला त्यांच्याच तोंडून ऐकाव्यात. पान थुंकायला म्हणून त्यांनी तिथल्या नोकराला "जरा खिडकी खोलो भाई" असं फर्मावलं, आणि तो नाही म्हणाला तेव्हा ते पान किती तरी वेळ गालात सांभाळत बसले. विमान हेलकावे खाऊ लागलं तेव्हा शेजारचा मिशाळ गोरा लष्करी साहेब हिरवानिळा पडला. मामांना त्याची दया आली. त्यांनी त्याला एक लाडू दिला, मग दुसरा दिला, आणि साहेबाला ते इतके मानवले की तो मागून घेऊ लागला. "बाळंतिणीचे लाडू, अन् साहेब खाऊन राहिला!" हे सांगताना मामांना हसू आवरत नसे. असे वाटेत मुक्काम करत, विमान बदलत ते एकदाचे किसुमूच्या प्रचंड सरोवरावर पाणी उडवत उतरले. सगळ्यात आधी वाकून त्यांनी बोट बुडवलं आणि चाखलं. पाणी गोड निघालं, समुद्र नव्हता. मामा पवित्र राहिले.

खरी गंमत पुढेच झाली. काठावरच्या कचेरीत एक गोरा अधिकारी होता आणि दुभाषा म्हणून पुण्याकडचा एक मराठी कारकून. त्याने विचारलं, "का आलात?"

"लेकीच्या बाळंतपणासाठी येऊन राहिलो," मामा म्हणाले.

आपल्या वऱ्हाडात याचा अर्थ 'येतो आहे'. पुणेकराने साहेबाला सांगितलं, की हा आला आणि राहिला.

"कधीपासून राहिलात?"

"आत्ताच तं येऊन राहिलो!"

"परत कधी जाणार?"

"अरे बाप्पा, येऊन राहिलेल्या माणसाले जायचं काहून विचारून राहिला तू?"

झालं! हा म्हातारा कायमचा राहायला आला आहे आणि वर हुज्जत घालतो आहे, अशी साहेबाची खात्री पटली. याला आल्या विमानाने परत पाठवा, असा हुकूम सुटला. मामा बाकावर बसले. तांब्या छातीशी धरलेला. इतक्या लांब येऊन लेक आता हाकेच्या अंतरावर होती आणि दार बंद. त्या वेळी आपण घाबरलो होतो, हे मात्र मामा प्रामाणिकपणे कबूल करत.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. दिवस भरलेली सुमन नवऱ्याचं न ऐकता धक्क्यावर आली होती.

"बाबा! आतमधी काय करून राहिले तुमी?"

"बसून राहिलो!" मामा आतून ओरडले. "तू उन्हात काहून उभी राहून राहिली?"

कारकून आधी मामांकडे आणि मग सुमनकडे पाहत राहिला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो टेबलावर हात आपटून हसू लागला. साहेबाला काय समजावलं देव जाणे, पण शिक्का बसला. मामा बाहेर आले आणि सुमनने वाकायच्या आधीच त्यांनी तिला जवळ घेतलं. त्याच आठवड्यात मुलगी झाली. तिच्या पहिल्या आंघोळीच्या पाण्यात जठारपेठेच्या विहिरीचं पाणी होतं, आणि ते पाणी तिला ओळखतं असा मामांचा दावा होता.

मामा ही गोष्ट आयुष्यभर सांगत आले, पण बारशापाशी थांबत. परतीचं कधी बोलले नाहीत. मामा वारल्यावर सुमन अकोल्याला आली तेव्हा तिने सांगितलं. काही महिन्यांनी मामा निघाले त्या दिवशी ती लेकीला घेऊन धक्क्यावर उभी होती. एरवी लेक निघते आणि माहेर दारात उभं राहतं, इथे माहेरच निघालं होतं. रिकामा तांब्या मामांनी तिच्याकडेच ठेवला होता. तोच कारकून कचेरीत होता. आता त्यालाही वऱ्हाडी येऊ लागली होती. तो थट्टेने म्हणाला, "काय गुरुजी, जाऊन राहिले का?"

मामांनी वळून एकदा सुमनकडे आणि तिच्या कडेवरच्या पोरीकडे पाहिलं.

"नाही बाबू," ते म्हणाले. "जातो तेवढा. राहिलो तं इथंच."