चवथीचा पाट आणि बदललेलं कुलूप

ती घटना आठवली की आजही आधी डोळ्यांसमोर येतो एक लाकडी पाट. मालवण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा तेव्हा मी प्रभारी होतो.

आमच्याकडे चतुर्थीच्या आधी प्रत्येक घरातून आपापला पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात जातो. त्याच पाटावर त्या घराची मूर्ती घडते. त्या दिवशी ठाण्यात आलेल्या एका काकींचा शेजारधर्म असा की मुंबईला असलेल्या, फक्त चतुर्थीला गावी येणाऱ्या चुलत दिरांच्या बंद घरातून दरवर्षी पाट त्याच काढून नेत.

"साहेब, पाट काढूक गेलंय, तर माजी चावी लागणा नाय, कुलूप बदललेला. आत भाडेकरू!"

"भाडेकरू कधी आले?"

"झाले तीन म्हयने."

"मग दिरांना फोन का नाही केलात?"

काकी पदर सारखा करीत म्हणाल्या, "माका न सांगता घर भाड्याक दिल्यान, म्हणान रागान बोलाक नाय. आता पाट तुमीच काढून देवा."

भाडेकरू म्हणजे घाटावरून बदली होऊन आलेल्या एक परिचारिका आणि त्यांची आजारी आई. करार त्यांनी पुढे केला. साधा मुद्रांक, नोंदणी नाही, घरपट्टीची पावती नाही. घर दाखवणारा स्वतःला मालकाचा पुतण्या म्हणवत होता.

"शेजारी काकींना विचारलं नाहीत?"

"त्यांच्याशी जमिनीचा वाद आहे, बोलू नका, असं ते पुतणेच म्हणाले होते. आम्हीही मान खाली घालून जायचो. साहेब, आईला घेऊन आता मी कुठे जाऊ?"

म्हणजे एका बाजूला राग, दुसऱ्या बाजूला भीती, मध्ये फक्त एक गडगा, दगडांची बुटकी भिंत. भामट्याला आणखी काय हवं?

मालकांना फोन केला. घर त्यांनी दिलं नव्हतं. पण पुतण्याचा विषय काढताच ते अडखळले. धाकटा भाऊ भांडून परमुलखात गेला, तिथेच वारला. त्याच्या मुलाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "असेलही तो," म्हणाले. फोन ठेवण्यापूर्वी मी त्यांना घराबद्दल एकच प्रश्न विचारला आणि उत्तर टिपून घेतलं. काकींनाही तोच प्रश्न स्वतंत्रपणे विचारला. उत्तर जुळलं.

मग परिचारिकाबाईंनी त्या इसमाला फोन केला, "माझ्या मैत्रिणीलाही घर हवंय." कसालच्या बाजारात तो हसत हसत आला आणि आमच्या जीपमधून ठाण्यात पोचला.

चौकशीत गडी पक्का निघाला. मालवणी अस्खलित. "साहेब, माज्या बापाचो हिस्सो आसा त्यात. हो दिवाणी वाद. पोलिसांचो काय संबंध?"

मी चहा मागवला. तावातावाने बोलणाऱ्या माणसाला आधी बोलून संपू द्यावं. मग विचारलं, "लहानपणी त्या घरात येत होतास?"

"दर चवथीक! बापूस घेवन येय माका."

आता मी तो टिपून ठेवलेला प्रश्न काढला, "मग तुमचो गणपती किती दिवसांचो?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "पाच."

दाराशी बसलेल्या काकी उसळल्या. "अकरा रे, अकरा! पाच दिवसांचो तुज्या सासऱ्याचो असतलो!"

हवालदारालाही हसू आवरलं नाही. भावंडं भांडतात, जमिनी वाटतात, पण गणपतीचे दिवस कोणी विसरत नाही. त्यानंतर त्याने खरं नाव सांगितलं. ओळखपत्र बनावट निघालं. तोतयेगिरी आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. इतर बंद घरांच्या चाव्याही त्याच्याकडे सापडल्या.

पंचनाम्याला गेलो तेव्हा काकी धास्तावल्या होत्या, पाटाचं काय झालं असेल! आत गेलो तर आजारी आईने तो पुसून, हळदकुंकू लावून देव्हाऱ्याशेजारी उभा ठेवलेला. "कोणाच्या तरी देवाचा दिसला," त्या म्हणाल्या.

काकींनी तिथूनच मुंबईला फोन लावला. "भावजी, ही दोघां हयच रवांदेत. आता माका सांगान ठेव हां, नायतर परत रागावतलंय!"

मालकांनी ऐकलं. रीतसर नोंदणीकृत करार झाला. त्यात बाईंनी स्वतःहून एक अट घालून घेतली: चतुर्थीत घर मालकांचं, आम्ही दोघी काकींकडे. त्या वर्षी आरतीला मलाही बोलावणं होतं.

निवृत्तीनंतर घर भाड्याने घेणारे सल्ला विचारायला येतात. मी सांगतो: घरपट्टीची पावती आणि वीजबिल कोणाच्या नावावर आहे ते पाहा. सामाईक घर असेल तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती मागा. मालकाशी स्वतः बोला. पुतण्या, मेव्हणा, ओळखीचा, यांचं अधिकारपत्र बघितल्याशिवाय सही नको. अनामतीची पावती, सोडण्याची मुदत, दुरुस्ती कोणाची, सगळं करारात. करार नोंदवा, आणि मालकाने तुमची माहिती ठाण्यात दिली की नाही ते विचारा.

पण हे सगळं नंतर. आधी शेजारच्या घरी जाऊन पाणी मागा. कोणी "तिकडे बोलू नका" म्हणालं, तर तिकडेच आधी जा.

हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. रुसलेल्या एका काकीने आणि परक्याचा पाट पुसून ठेवणाऱ्या एका आईने शिकवलं. चतुर्थी जवळ आली की दोघींची आठवण होते आणि हात आपोआप जोडले जातात.