आईचा विठोबा हरवला तेव्हा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अक्काला नाही, देवळात भजनाला मांडीला मांडी लावून बसणाऱ्या दोस्तांना तर नाहीच. मग तुम्हाला का? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, असं समजा. शिवाय हल्ली माझीही झोप पहाटेच्या पुष्कळ आधी मोडते, आणि आमच्या घरात झोप मोडली की पुढं काय येतं ते मी पाहिलंय. विसरायच्या आत बोलून टाकतो.

मी शिंपी. लष्कर मोहल्ल्यात वडिलांपासूनचं दुकान — कोट, सफारी, शाळेचे युनिफॉर्म, आणि अलीकडं गोकुलमला योगासनं शिकायला आलेल्या गोऱ्या लोकांचे ढगळ पायजमे. खाली दुकान, वर घर. आमचे वाडवडील म्हैसुरात कधी आले कुणाला ठाऊक. घरात मराठी बोलतो, पण ती मराठी तरी काय, निम्मी कानडी. देवघराला आम्ही देवरमने म्हणतो. पुण्याकडचे पाहुणे हसतात. हसू देत. मला एक खोड आहे — मुद्दा टाळायचा असला की मी सुम्ने, म्हणजे उगीचच, गावगप्पा लावतो. आत्ताही तेच चाललंय, नाही का?

तर आई.

वडील गेल्यावर दुकानाची काजं आईच करायची. कोटाचं काज म्हणजे तिचंच. मशीनच्या काजाला ती नाक मुरडायची. आणि तिचा विठोबा. अंगठ्याएवढा, पितळेचा, लग्नात तिच्या वडिलांनी ओटीत घातलेला. चिंचेनं घासून घासून त्याचे नाक-डोळे गुळगुळीत झालेले. कार्तिकात देवळात काकडा असतो, तेव्हा ती पहाटे उठून आधी घरच्या देवाला उठवायची, भूपाळी म्हणायची, मग देवळात जायची. एका वर्षी कार्तिक संपला, काकडा संपला, आणि आईचं उठणं काही संपलं नाही.

लोक म्हणाले, केवढी भक्ती! देवळातल्या बायका तिच्या पाया पडायला लागल्या. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू — फार आवडलं. मी सगळ्यांना सांगायचो, आमच्या आईला घड्याळ लागत नाही, तिला देवच उठवतो.

मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पुढं काही वर्षांनी सकाळी दोरीवर ओली लुगडी असायची — एक नव्हे, दोन, कधी तीन. म्हणजे ती अंघोळ करून देवाला उठवायची, येऊन बसायची, विसरायची, आणि पुन्हा अंघोळ करून उठलेल्या देवाला पुन्हा उठवायची. दुपारी काज करता करता मान कलंडायची, सुई हातात तशीच. सुमा — माझी बायको — ती लुगडी मुकाट्यानं वाळत घालायची. अक्का, माझी थोरली बहीण, जवळच एच. डी. कोटे गावात दिलेली. ती आली, दोन दिवस राहिली, आणि जाताना म्हणाली की दत्तू, आईला डॉक्टरला दाखव, हे काही बरं लक्षण नाही. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, भक्तीवर कुठं औषध असतं का गं अक्का? चार माणसं बसली होती, सगळ्यांनी माना डोलावल्या. मला माझंच वाक्य इतकं आवडलं की पुढं मी ते कितीजणांना ऐकवलं.

डॉक्टरनं त्याला रोगाचं नाव दिलं असतं. मग कुणी पाया पडलं असतं का? नसतं. एवढाच माझा हिशेब होता.

मग ते वाढलं. आम्ही आडवे झालो की तिची बादली वाजायची, घंटा वाजायची. ती येऊन मला हलवायची — दत्तू, देव उठला का बघ. मी उठायचो, बघायचो, सांगायचो, उठला. थोड्या वेळानं पुन्हा. डोळ्याला डोळा नाही. सुमा दिवसभर राबून मेल्यासारखी झोपायची, आणि आईलाही हाक मारायला मीच सापडायचो. आधी वाईट वाटायचं. मग राग यायला लागला. झोप न मिळालेल्या माणसाचा राग कसा असतो तुम्हाला माहीत आहे? त्याला काही शेंडाबुडखा नसतो. भांडं पडलं तरी मारावंसं वाटतं.

एका नवऱ्यामुलाचा कोट होता. जुनं गिऱ्हाईक, तीन पिढ्यांचं, कापड त्यांनीच कुठूनसं आणलेलं. मी कापायला बसलो, डोळ्यांत वाळू भरलेली, आणि दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. एक कापली की नमुना उलटा ठेवायचा असतो — हे शिकाऊ पोरालाही कळतं. कापड उरलं नव्हतं. मुलाचे वडील आले, त्यांनी ते दोन तुकडे एकावर एक ठेवून पाहिले, गुंडाळून नेले, आणि पुन्हा आमच्या दुकानाची पायरी चढले नाहीत. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी आई दिवेलागणीला गॅलरीत बसली होती. मी देवरमनेत गेलो. विठोबा उचलला, खिशात घातला. खाली येऊन काळ्या कोटाच्या बटणांच्या डब्यात, बटणांच्या तळाशी पुरला. वर झाकण लावलं.

सांगितलं. हेच ते — पण थांबा, एवढंच असतं तर बरं होतं.

मला वाटलं, देवच नाही तर ती उठवणार कुणाला? झोपेल बिचारी. दोन-चार दिवसांनी ठेवू परत. त्या रात्री घंटा वाजली नाही. मी गाढ झोपलो, किती दिवसांनी. सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर फरशीवर तांदूळ, डाळ, सगळे डबे रिकामे केलेले. मधोमध आई बसलेली, केस मोकळे, हात पिठानं पांढरे. माझ्याकडं बघून म्हणाली,

"दत्तू, माझ्याकडनं देव हरवला रे."

दुकान खाली होतं. पळत गेलो असतो, डबा उघडला असता, आणला असता. सुमा दारात उभी होती. तिच्यासमोर काय म्हणून आणायचा? मी म्हणालो, "तूच कुठंतरी ठेवला असशील, आई. हल्ली तुला काही आठवत नाही."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं. विसरणाऱ्या माणसावर काहीही खपतं, हे मला त्या दिवशी कळलं. सुमाला पटलं, फोनवर अक्काला पटलं, देवळातल्या बायकांना पटलं. ज्या पाया पडायच्या त्या आता चुकचुकायच्या.

आणि दोन-चार दिवस? ते कधी आलेच नाहीत. रोज वाटायचं उद्या. जितका उशीर, तितकं अवघड.

पुढं ती पुष्कळ विसरली. अक्काचं नाव विसरली. वडील गेल्याचं विसरली, त्यांच्यासाठी ताट मांडायला सांगायची. जेवली की नाही ते विसरायची. पण देव हरवल्याचं विसरली नाही. का? मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. सगळं गेलं आणि तेवढंच का राहिलं? आधी ती देवाला उठवायला उठायची, आता शोधायला उठू लागली. एकदा पहाटे मार्केटात सापडली, फुलवाल्याच्या टोपल्या उचलून खाली बघत होती. त्या माणसानंच रिक्षात घालून घरी आणलं.

तेव्हा कुठं तिला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी आधी विसरण्याचं विचारलंच नाही. विचारलं, झोप कधीपासून मोडली? मी सांगितलं, विसरण्याच्या कितीतरी वर्षं आधी. ते म्हणाले, असं पुष्कळांत दिसतं. झोपेत मेंदू आपला केरकचरा काढतो असं आता मानतात. झोप नाही तर केर साचतो, आणि केर साचला की झोप आणखी मोडते. कोण कुणाला ओढतं ते नक्की सांगता येत नाही. मला आमचं दुकान आठवलं. चिंध्या रोज झाडल्या नाहीत तर चार दिवसांत मशीनचं पायडलसुद्धा फिरत नाही. लवकर आणलं असतं तर? — मी विचारलं. बरं करण्याचं औषध नाही, ते म्हणाले, पण तिचे दिवस जरा सोपे करता आले असते. मग सांगितलं की दिवसा उन्हात बसवा, दुपारी फार झोपू देऊ नका, आणि सवयीच्या वस्तू हातातून काढून घेऊ नका. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं ते माझ्याकडंच बघून बोलले. सुमा लगेच म्हणाली, आईंनी देवच हरवला, डॉक्टर.

त्याच दिवशी मी डबा उघडला. विठोबा काळा पडला होता. चिंच लावून घासला, चकचकीत केला, वर नेला. सुमाला म्हणालो, बटणांत सापडला. आई कधीतरी खाली आली असेल, ठेवला असेल. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. सुमा म्हणाली, अय्यो, बघा कुठं ठेवला होता.

आईच्या हातात दिला. तिनं फिरवून फिरवून पाहिला. अंगठा त्याच्या तोंडावरून फिरवला. मग तिनं तो माझ्या तळहातावर परत ठेवला.

"हा माझा नव्हे. दुसऱ्या कुणाचा देव आहे. त्यांना झोप लागत नसेल रे. नेऊन दे."

मी फार घासला म्हणून की तिचा आजार म्हणून, मला माहीत नाही. पुन्हा पुन्हा दिला. पुन्हा पुन्हा तिनं परत केला.

आता शेवटचं. लपवलं ते एक वेळ रागात झालं. हे रागात झालं नाही.

एका संध्याकाळी सुमा देवळात गेली होती. दिवेलागण झाली की आईची तगमग वाढायची. ती माझ्यासमोर आली, तिनं हात जोडले. मला ती आपले वडील समजत होती. म्हणाली, अण्णा, तुम्ही दिलेला देव माझ्याकडनं हरवला, रागावू नका. घरात तिसरं माणूस नव्हतं. मी खरं सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं, तीही क्षणात विसरली असती. कुणाची भीती होती मला? तरी तोंड उघडलं ते काय बोललं? — असू दे पोरी, माफ केलं.

तिचा चेहरा सैल झाला. ती जाऊन पडली आणि रात्रभर झोपली. मीही झोपलो.

दुसऱ्या दिवशीही तसंच. मग तो माझा उपायच झाला. कधी ती दिवेलागणीला शांत बसलेली असायची, देवाचं काही मनात नसायचं. पण मला रात्रीची धास्ती असायची. मग मी मुद्दाम जवळ जाऊन विचारायचो — देव कुठं आहे गं? ती दचकायची. शोधायची. रडायची. हात जोडायची. मी माफ करायचो, आणि ती झोपायची. माझं काम पुन्हा सुधारलं, बाह्या डाव्या-उजव्या येऊ लागल्या. सुमा कौतुकानं सगळ्यांना सांगायची की ह्यांच्याशिवाय आई कुणाकडून झोपतच नाहीत. पोरगा असावा तर असा, असं लोक म्हणायचे. मी ऐकून घ्यायचो.

तिनं काही हरवलं नव्हतं. शेवटी शेवटी तिची वाचा गेली. तेव्हाही मी खोलीत शिरलो की ती हात जोडायची. आणि मी म्हणायचो, माफ केलं.