दादाची होडी माझ्या डब्यावर

माझा थोरला भाऊ खाडीकाठच्या मुरबे गावचा, आणि हट्टी. तसा मीही मुरब्याचाच. पण तीस वर्षं तारापूरच्या कारखान्यात शिफ्ट केल्या, बोईसरला फ्लॅट घेतला, त्यामुळे दादाच्या लेखी मी कधीच परका झालो.

तरुणपणी आम्ही दोघांनी टीव्हीला जोडायचे जुने, वापरलेले कॉम्प्युटर घेतले. त्याचा एका कंपनीचा, माझा तिच्या कट्टर दुश्मनाचा. झालं! जेवायला बसलो की तेच भांडण. माझ्या कॉम्प्युटरला तो ‘शेठजीचा डबा’ म्हणायचा आणि त्याच्याला मी ‘खेळणं’. आई ओरडायची, “मासे थंड होतात रं!”

पण त्या खेळण्यावर दादाने स्वतः एक खेळ लिहिला होता. होडी समुद्रात न्यायची, जाळं टाकायचं आणि भरती साधून खाडीत परत शिरायचं. वेळ चुकली की होडी गाळात. दादा शाळेत गणित शिकवायचा. सगळ्या आयुष्यात आपण बनवलेली वस्तू एवढी एकच, असं तोच म्हणतो. पुढे त्याचा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला आणि खेळ साठवलेली टेपरेकॉर्डरची एक कॅसेट तेवढी उरली.

कॉम्प्युटर कितीही बदलले, तरी दादाच्या मते मी आजही दुश्मनाच्याच पक्षात आहे. गेल्या वर्षी मला कळलं, इम्युलेटर नावाचा प्रोग्राम टाकला की एक कॉम्प्युटर दुसऱ्याचं सोंग घेतो. दादाला सांगितलं तर म्हणाला, “तुज्या डब्यावर माजा खेळ? नाय चालायचा.” कॅसेट मात्र लगेच शोधून ठेवली.

रविवारी लॅपटॉप घेऊन मुरब्याला गेलो. टेपरेकॉर्डरची वायर जोडली, कॅसेट कर्कश किंचाळली आणि तिसऱ्या खेपेला पडद्यावर होडी आली. दादाने चष्मा पुसला. खेळाने इंग्रजी अक्षरांत विचारलं, ‘आज?’ मी अठरा टाकले आणि लॅपटॉप त्याच्या पुढ्यात सरकवला.

खेळातल्या घड्याळात पावणेसातला दादाने होडी खाडीच्या तोंडाशी आणली. रुतली. पुन्हा खेळलो, मी पुन्हा अठरा टाकले. पुन्हा रुतली. चार वेळा तेच. मी वेग बदलला, सेटिंग बदलली, घामाघूम झालो. आता हा डब्याचा उद्धार करणार, म्हणून वाट बघत होतो. दादा हळूच म्हणाला, “माजा खेळच चुकलेला असंल. तवा आमाला वाटलं, बरोबर हाय.” आणि कॅसेट परत डबीत घालायला लागला. मला रडूच यायला लागलं. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वहिनी बाजूला सुपात जवळा निवडत होती. “आज म्हणून काय टाकलंस?” तिने मला विचारलं.

“अठरा. आज अठरा तारीख ना!”

“अगं बाय माजे! तारखेनं कदी भरती येते का? आज नवमी हाय!”

दादाने कॅसेट पुन्हा डबीतून बाहेर काढली. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. नवमीला नवाची पाऊणपट, पावणेसात. हे मुरब्यातल्या शेंबड्या पोरालाही येतं. दादा बिचारा आजच्या नवमीच्या हिशेबाने होडी आणत होता आणि मी अठरा टाकून, भरती दीड वाजता नेऊन, त्याच्या खाडीतलं पाणी काढून घेतलं होतं. खेळात त्याने नुसतं ‘आज?’ लिहिलं होतं, कारण इथे तारीख टाकणारा कोणी निघेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तोही सख्खा भाऊ!

नऊ टाकले. पावणेसातला होडी सरळ आत आली. दादा लहान पोरासारखा हसला आणि लॅपटॉपच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “डबा बरा हाय रं तुजा.”

हे ऐकायला मी अर्धं आयुष्य घालवलं होतं. आणि ऐकल्यावर माझ्या तोंडून काय निघालं? “डब्याचं काय घेऊन बसलास दादा, दर्या तुजा हाय.”

वहिनी आतून ओरडली, मासे थंड होतात म्हणून. आम्ही दोघांनीही ऐकलं, आणि पुन्हा नऊ टाकले.