साखरेच्या डब्यातली किल्ली

केंद्रात तपासणी अशी कडक, की टूथपेस्टची नळी पिळून बघायचे, चपलेचे तळवे वाकवून बघायचे आणि आईने विणून पाठवलेल्या स्वेटरची शिवणसुद्धा उसवायचे. व्यसन सोडायला आलेली पोरं ती, त्यांच्या डोक्यापुढे कोणाचं चालणार? पण तबेल्यात कधी कोणी वाकून बघितलं नाही. तबेला म्हणजे लीद, गवत आणि घोडेकाका. तिथे काय सापडायचंय, असं सगळ्यांना वाटायचं, आणि खुद्द घोडेकाकांनाही तसंच वाटायचं. तिथेच घोडं पेंड खात होतं.

काका मूळचे शर्यतीच्या घोड्यांचे मोतद्दार. तीस वर्षं दुसऱ्यांच्या घोड्यांना खरारा केला. गुडघे गेले तेव्हा मालकाने त्यांना आणि एका म्हाताऱ्या पांढऱ्या घोडीला एकाच दिवशी बाहेरचा रस्ता दाखवला. केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना ठेवून घेतलं. रोज सकाळी आठ मुलं-मुली यायची, घोडीला खरारा करायची, लगाम धरून तिला मैदानात फिरवायची. समुपदेशक ताई म्हणायच्या, घोडीला माणसाच्या मनातलं कळतं. काका म्हणायचे, "मनातलं कसलं ताई, खिशातलं कळतं. साखर असली की मागे मागे, नसली की पाठ. आमच्या मालकाची लेकच जणू." ताई हसायच्या नाहीत.

एक गोष्ट मात्र काका कोणापाशी बोलत नसत. त्यांचा स्वतःचा मुलगा याच नादापायी गेला होता. त्याच्या उशीखाली पुड्या सापडल्या तेव्हा तो म्हणाला, "बाबा, कोणाला सांगू नका. संध्याकाळपर्यंत टाकून देतो." चार लोकांत शोभा नको म्हणून काका तोंड शिवून बसले. संध्याकाळी त्याला घरी आणलं ते चौघांनी उचलून.

त्या दिवशी सकाळी सातच जण आले. "एकीचं डोकं दुखतंय, झोपू द्या म्हणाली," ताईंनी सांगितलं. सातांत शिट्टी होती. एकोणीस वर्षांची पोरगी, सतत शीळ घालत यायची म्हणून काकांनीच तिला ते नाव ठेवलेलं. घोडीने तिच्या बाहीत नाक खुपसलं आणि हुंगत राहिली. तीन दिवस हेच चाललं होतं.

"साखर चोरतेस काय गं माझ्या डब्यातली?" काकांनी लाडाने विचारलं.

शिट्टी हसली, पण त्या दिवशी तिने एकदाही शीळ घातली नव्हती.

साडेनऊला मुलं गेली आणि जनावरांचा डॉक्टर आला. घोडीचे मागचे दात टोकदार होऊन गालाला लागत होते. अर्ध्या दातांना कानस मारून झाली होती, उरलेल्यांना आज मारायची होती. मागच्या खेपेला गुंगीच्या औषधाची बाटली तो इथेच पेटीत ठेवून गेला होता. असली बाटली ऑफिसात जमा करायची, असा केंद्राचा नियम. काका "हो हो, देतो" म्हणाले आणि राहून गेलं. पेटीला कुलूप होतं की! किल्ली साखरेच्या डब्यात, तळाशी. शर्यतीच्या तबेल्यात सगळे मोतद्दार तिथेच ठेवायचे. हात रोज तिथे जातोच, त्यामुळे किल्ली कधी हरवत नाही.

डॉक्टरने इंजेक्शन दिलं. एरवी पाच मिनिटांत घोडी मान टाकते, खालचा ओठ लोंबायला लागतो. आज पंधरा मिनिटं झाली तरी टक्क जागी. दुसरं दिलं. ती शेपटीने माशा हाकलत राहिली.

"बाटली खराब झालेली दिसतेय," डॉक्टर म्हणाला. "उद्या नवी आणतो." बाटली कचऱ्यात टाकून तो गेला.

काकांनी ती उचलली आणि एक थेंब जिभेवर घेतला. ना कडू, ना कसलाही वास. नुसतं पाणी. सुईने औषध काढून घेऊन पाणी भरून ठेवलं होतं कोणीतरी. आणि कोणी, ते घोडी तीन दिवस सांगत होती. डब्याच्या तळापर्यंत हात गेल्याशिवाय बाहीला साखर लागत नाही. घोड्यांत जन्म काढलेला माणूस, आणि गंमत करत बसला होता.

आता उठून डॉक्टरीणबाईंकडे जायचं, एवढंच काम होतं. काका उठले नाहीत. सांगितलं की नोकरी गेली. मग या म्हाताऱ्या घोडीला कोण ठेवणार? तिला न्यायला कुठली गाडी येईल, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यापेक्षा पोरीला एकटीला गाठू, समजावू, गुपचूप काढून घेऊ, म्हणजे सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. मनाची अशी समजूत घालत ते खरारा करायला लागले. डावं अंग झालं, उजवं झालं, आयाळ विंचरून झाली. हात थांबवायची भीती वाटत होती.

साडेअकराला शिट्टी पाण्याची बादली घेऊन आली. खुंटीपाशी ठेवलेली बाटली पाहिली आणि जागीच उभी राहिली.

"कुठंय ते?" काकांनी विचारलं.

"काका, कोणाला सांगू नका," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत टाकून देते."

अक्षरन् अक्षर तेच. काकांच्या हातातला खरारा गळून पडला. त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं आणि मैदानापलीकडे ऐकू जाईल अशी ताईंना हाक मारली. ताई आल्या, डॉक्टरीणबाई आल्या. काकांनी सगळं सांगून टाकलं: बाटली, पेटी, डबा, किल्ली. शिट्टीने रडत रडत स्वेटरच्या आतून शाम्पूची छोटी बाटली काढून दिली. बाईंनी ती उजेडात धरली.

"ही अर्धीच आहे. बाकीचं?"

शिट्टी अगदी हळू म्हणाली, "माझ्या खोलीतली अजून उठली नाही का?"

बाई आणि ताई धावत सुटल्या.

मुलीला बाहेर आणलं तेव्हा तिचे ओठ निळसर पडले होते. छाती हलत होती, पण एका श्वासानंतर दुसरा येईल की नाही, याची वाट बघावी लागत होती. दवाखान्याची गाडी आली. चढता चढता डॉक्टरीणबाई काकांकडे वळल्या. त्या रागावल्या नव्हत्या, पुढच्या डॉक्टरांना सांगायचं होतं म्हणून विचारत होत्या.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

आत्ताच, हा शब्द काकांच्या जिभेवर तयार होता. मागे घोडी उभी होती. लखलखीत, एक केस इकडचा तिकडे नव्हता.

"साडेदहाला," काका म्हणाले.

बाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. बाराला दहा कमी होते.