ऑटोकाकांनी सुधारलेलं पान

श्रीरंगच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, नोकरीसाठी आम्ही २००२मध्ये अमेरिकेतल्या शॉमबर्गला आलो. शेजारी ऑटो विंकेलमन एकटेच राहत. वय चौऱ्याहत्तर. तरुणपणी जर्मनीतून येऊन त्यांनी तीस वर्षं याच भागात टपाल वाटलं आणि दारोदार ऐकलेल्या हकिकती जमवून इथल्या जुन्या जर्मन शेतकऱ्यांचा इतिहास लिहिला. त्या पुस्तकाला गावात मोठा मान होता. मी त्यांना ऑटोकाका म्हणू लागले. अर्थ कळल्यावर ते खूश झाले.

माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. जर्मन मात्र मी पुण्यात शिकले होते. काकांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनीच विचारलं, "अहिल्या, मला वाचून दाखवशील?" मग मी रोज सकाळी जायला लागले.

२००४च्या मार्चमध्ये कुणाच्या तरी माळ्यावरचा, इथेच निघणाऱ्या जुन्या जर्मन साप्ताहिकांचा गठ्ठा त्यांच्याकडे आला. १९३१च्या एका अंकात कार्ल बुसे यांचं कोठार वीज पडून जळाल्याची बातमी होती.

"थांब. पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. वीज पडताना पाहणाऱ्या दोघांची नावंही होती. काकांचा चेहरा उतरला. त्यांच्या पुस्तकात होतं की बुसे नशेत कंदील घेऊन आत गेले आणि आग लागली. शेजाऱ्याचं घरही त्यात गेलं. एका म्हाताऱ्याने सांगितलं आणि यांनी छापलं.

"त्यांची मुलगी अजून आहे," ते म्हणाले. "गाडी काढतेस?"

ब्याऐंशी वर्षांच्या एल्सबेथबाई दारातच उभ्या राहिल्या.

"मी तुमच्या वडिलांबद्दल खोटं छापलं," काका म्हणाले. "आग विजेने लागली होती."

"ठाऊक आहे. नऊ वर्षांची होते मी, खिडकीतून पाहिलं होतं. इतकी वर्षं माझ्याकडे पत्रं टाकलीत, एकदा विचारलं असतंत तर!"

मग बाई बाजूला झाल्या. "या आत. कॉफी ठेवते."

परतताना काका गाडीत रडले. मग म्हणाले, "बरं झालं, मी असताना सापडलं."

त्यांनी स्वतःच स्थानिक पेपरात आपली चूक कळवली आणि पुस्तकावर आता विश्वास ठेवायचा का, यावरून गावात दोन तट पडले. २००६मध्ये ते गेले. गावच्या इतिहास मंडळाच्या सभेत वाचनालयाला त्यांचं नाव द्यायचं ठरत होतं, तेव्हा रॉल्फ नावाचे सभासद उठले. "एक चूक निघाली. आणखी किती असतील?"

तेवढ्यात एल्सबेथबाई उभ्या राहिल्या. "माझ्या वडिलांवरचा डाग त्यांनी लावला, पुसलाही त्यांनीच. नाव द्या. आणि रॉल्फ, तुम्ही अख्खं पुस्तक तपासा."

नाव दिलं गेलं. रॉल्फनी खरंच दीड वर्ष पानन् पान तपासलं, जर्मन मजकुरासाठी मला हाताशी घेऊन. प्रत्येक नावाला मी जुने अंक दोनदा चाळायचे. २००८मध्ये सुधारित आवृत्ती निघाली. तारखा अकरा चुकल्या होत्या. पण खोटा ठपका दुसऱ्या कुणावरही नव्हता.